कोंबडीचा आसट अळणी भात : रस, तांदूळ आणि मांस यांचा क्रम कसा सांभाळावा

अळणी भात बिघडल्याची तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी एकच गोष्ट केलेली असते. चिकन, तांदूळ, पाणी आणि खडा मसाला कुकरमध्ये एकदमच घालून चार-पाच शिट्या काढलेल्या असतात. मग छातीचे तुकडे सुतासारखे कोरडे होतात, तांदळाचा गोळा होतो, हाडांतला रस हाडांतच राहतो आणि चव कमी लागते म्हणून वरून लाल तिखट घातले जाते. तिखट घातले की तो अळणी भात राहत नाही.

या पदार्थातल्या तीन घटकांना शिजायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो. ब्रॉयलर कोंबडीचे मांस पंचवीस मिनिटांत शिजते, हाडांचा रस निघायला जवळजवळ तासभर लागतो आणि तांदळाच्या कणीला वीस मिनिटे पुरतात. म्हणून आधी मांस शिजवून बाहेर काढायचे, मग हाडांचा रस काढायचा, त्या रसात तांदूळ वैरायचे आणि मांस अगदी शेवटी परत सोडायचे. पुढचे सगळे टप्पे हा क्रम मोडू नये एवढ्यासाठीच आहेत.

हा भात मोकळा नसतो. मऊभाताइतका मऊ, पण रसात सैलसर राहिलेला, ताटात वाढल्यावर आपोआप पसरणारा असा तो हवा. ‘अळणी’ या शब्दामुळे काही जण मीठच घालत नाहीत. मटणाच्या किंवा चिकनच्या अळणीत मीठ असते, फक्त तिखट नसते.

चौघांसाठी लागणारे साहित्य

- हाडासकट चिकन ७५० ग्रॅम (खरेदीबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे)
- इंद्रायणी किंवा आंबेमोहोर तांदळाची कणी २०० ग्रॅम
- पाणी २ लिटर
- मध्यम आकाराचे कांदे २, लसणाच्या पाकळ्या १२ ते १५, आले दीड इंच
- कोथिंबिरीची एक लहान जुडी, देठे वेगळी आणि पाने वेगळी
- काळी मिरी १०, लवंगा ३, दालचिनीचा एक इंचाचा तुकडा, तमालपत्र १
- हळद पाऊण चमचा, तेल २ मोठे चमचे, तूप १ चमचा, मीठ अंदाजे ३ लहान चमचे
- हिरव्या मिरच्या २, न चिरता, फक्त देठ काढून
- वाढताना लिंबाच्या फोडी

टप्पा १ : खरेदी

खर्च वाचवायचा असेल तर तो इथेच वाचतो, पुढे कुठेही फारसा वाचत नाही. या भाताला बोनलेस चिकन घेणे म्हणजे जास्त पैसे देऊन चव दुकानातच ठेवून येणे होय. मान, पाठ, बरगड्या आणि पंख या भागांत मांस कमी असले तरी हाडे, कूर्चा आणि सांध्यांजवळच्या चिवट ऊती भरपूर असतात. त्या मंद आचेवर शिजल्या की रसाला अंग येते आणि तो ओठांना किंचित चिकट लागतो. पूर्ण कोंबडी घेतल्यास दोन्ही गरजा भागतात. छातीचे तुकडे दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी बाजूला ठेवावेत आणि बाकीची कोंबडी या भातासाठी वापरावी. काही दुकानांत बोनलेस काढल्यावर उरलेला हाडांचा सांगाडा अगदी थोडक्या पैशांत मिळतो. तो मिळाला तर पाव किलो मांसाच्या तुकड्यांबरोबर अर्धा किलो सांगाडा चालतो आणि रस्सा उलट अधिकच दाट होतो.

कोंबडीचे पाय मिळाले तर दोन-चार अवश्य घ्यावेत. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरून वरची पिवळी साल ओढून काढावी आणि नखे तोडून टाकावीत. ज्यांना ते पाहवत नाहीत त्यांनी रस काढून झाल्यावर पाय टाकून द्यावेत. तोवर त्यांचे काम झालेले असते.

कलेजी मात्र रस्स्यात घालू नये. ती शिजताना विरघळून रस गढूळ करते आणि कडवट चव सोडते. तव्यावर मीठ-मिरपूड लावून वेगळी परतावी.

तांदळाच्या बाबतीत कणी हीच योग्य निवड आहे. ती अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त मिळते, लवकर शिजते आणि तिच्यातून सुटणाऱ्या पिठामुळे रस आपोआप मिळून येतो. कणी न मिळाल्यास अख्खा इंद्रायणी घ्यावा, कोलमही चालतो. बासमती घेऊ नये, कारण त्याचा दाणा सुटा राहतो आणि रस वेगळा वाहतो. कोकणातला किंवा गोव्यातला उकडा तांदूळ चवीला चांगला लागतो, पण त्याला शिजायला बराच जास्त वेळ लागतो आणि तो इतका मिळून येत नाही. तो वापरायचा असेल तर खालच्या वेळा लागू पडणार नाहीत.

टप्पा २ : पूर्वतयारी

सर्वप्रथम कांदा, कोथिंबीर आणि आले-लसूण चिरून, वाटून घ्यावे. कच्चे चिकन त्यानंतर हाताळावे. उलट क्रमाने केल्यास कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी दर वेळी साबणाने धुवावी लागते आणि घाईत ती नेमकी धुतली जात नाही. कोथिंबिरीची पाने तर कच्चीच वरून घालायची असतात, त्यामुळे येथे हलगर्जीपणा नको.

चिकन वाहत्या नळाखाली धुऊ नये. पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारच्या भाजीवर उडतात आणि त्यांबरोबर जंतूही पसरतात. जंतू मरतात ते शिजण्याने, धुण्याने नव्हे. तरीही हाडांचा चुरा आणि रक्ताच्या गाठी काढण्यासाठी धुवावेसे वाटत असेल, तर खोल पातेल्यात थोडे पाणी घेऊन त्यात तुकडे अलगद चोळावेत, पाणी हळू ओतून द्यावे आणि बेसिन लगेच साबणाने घासावे. गोठवलेले चिकन आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मऊ होऊ द्यावे. ओट्यावर तासन्‌तास उघडे ठेवू नये.

तुकड्यांना अर्धा चमचा हळद, एक लहान चमचा मीठ आणि आले-लसणाच्या वाटणाचा निम्मा भाग चोळून अर्धा तास ठेवावे. ही वेळ वाया जात नाही, कारण तेवढ्यात कांदा परतायला घेता येतो.

कणी दोनदाच धुवावी, हलक्या हाताने. पाणी अगदी नितळ येईपर्यंत धुण्याची सवय मोकळ्या भातासाठी योग्य असली तरी येथे त्या पांढऱ्या पाण्यातले पीठच आपल्याला हवे असते. धुतलेली कणी चाळणीत निथळत ठेवावी. अख्खा तांदूळ असल्यास तो वीस मिनिटे भिजवून मग निथळावा.

तपासणी : पुढच्या टप्प्याला हात घालण्यापूर्वी जाड बुडाचे, निदान पाच लिटरचे पातेले, त्यावर बसणारे खोलगट झाकण किंवा ताट, एक झारा, एक मोठी गाळणी आणि गाळलेला रस मावेल एवढे दुसरे पातेले समोर असावे. गाळायची वेळ आल्यावर दुसरे पातेले शोधणे आणि कढत रस हातात धरून उभे राहणे, हा अनुभव एकदा घेऊन पुरे झाला आहे.

टप्पा ३ : परतणे आणि अंगच्या पाण्यात शिजवणे

पातेल्यात तेल तापवून मिरी, लवंग, दालचिनी आणि तमालपत्र घालावे. लवंग फुगली की उभा चिरलेला कांदा घालून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे परतावा. कांदा पारदर्शक व मऊ व्हावा, पण त्याला रंग येऊ देऊ नये. कांदा तांबूस झाला की रस्सा गोडसर आणि करडा होतो, आणि अळणीची स्वच्छ पिवळी छटा गेली की ती परत आणता येत नाही. उरलेले आले-लसूण व उरलेली हळद घालून मिनिटभर परतावे.

आता चिकन घालून आच थोडी वाढवावी आणि तुकडे सर्व बाजूंनी पांढरट होईपर्यंत पाच-सहा मिनिटे हलवत राहावे. नंतर आच मंद करून वर खोलगट झाकण ठेवावे आणि त्या झाकणात पेलाभर पाणी ओतावे. आपल्याकडची ही जुनी पद्धत सोपी आहे आणि तिचे कारणही सरळ आहे : वरच्या पाण्यामुळे झाकण फार तापत नाही, आतली वाफ त्याला लागून पुन्हा खाली ठिबकते आणि मांस करपत नाही. दहा मिनिटांत तुकड्यांना स्वतःचे पाणी सुटते.

सावधान : या दहा मिनिटांत घाबरून पातेल्यात पाणी ओतू नये. मसाला आणि मीठ मांसात मुरण्याचा काळ हाच आहे. बुडाला लागेल अशी शंका वाटल्यास आच कमी करावी.

टप्पा ४ : रस काढणे

यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि सर्वांत जास्त घाईही येथेच होते.

झाकणातले गरम झालेले पाणी पातेल्यात ओतावे आणि दुसऱ्या शेगडीवर तापवून ठेवलेले बाकीचे पाणीही घालावे, म्हणजे एकूण दोन लिटर होईल. गार पाणी घातल्यास शिजणे थांबते आणि पुन्हा उकळी येईपर्यंत वेळ व गॅस दोन्ही वाया जातात. कोथिंबिरीची देठे दोऱ्याने बांधून सोडावीत. अख्ख्या मिरच्याही घालाव्यात, परंतु त्यांना चीर देऊ नये, म्हणजे वास उतरेल आणि तिखटपणा उतरणार नाही.

पहिली उकळी येताच वर राखाडी फेस जमू लागतो. पहिल्या दहा मिनिटांत तो झाऱ्याने दोन-तीनदा काढून टाकावा. नंतर येणारा पिवळा, तेलकट थर काढू नये, कारण ती चरबी आहे आणि बरीचशी चव तिच्यात असते.

उकळी आल्यावर आच इतकी कमी करावी की पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा येत राहील. रस्सा खदखदत ठेवल्याने रस लवकर निघत नाही. पाणी आटते, चरबी रसात फेटली जाऊन तो गढूळ होतो आणि मांसाचे धागे आकसून कोरडे पडतात. भात घालायचा असल्यामुळे थोडा गढूळपणा खपून जातो, पण कोरडे मांस खपत नाही.

ब्रॉयलरचे मांस पाणी घातल्यापासून साधारण वीस ते पंचवीस मिनिटांत तयार होते. मांडीच्या सर्वांत जाड तुकड्यात सुरीचे टोक खुपसून पाहावे. बाहेर येणारा रस नितळ असावा, गुलाबी नसावा, आणि मांस हाडावरून सैल होऊ लागलेले असावे. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर जाड भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअस झालेले असणे हा खात्रीचा पुरावा आहे.

या क्षणी मांसल तुकडे झाऱ्याने बाहेर काढून ताटात पसरावेत. हाताला सोसतील इतके निवल्यावर त्यांचे मांस मोठ्या फाकांत सोडवून घ्यावे. बारीक चिंध्या करू नयेत, त्या भातात दिसेनाशा होतात. सोडवलेल्या मांसावर दोन पळ्या रस घालून ते झाकून ठेवावे आणि सगळी हाडे पुन्हा पातेल्यात टाकावीत. लोक नेमकी हीच पायरी गाळतात. हाडांना यानंतर आणखी तीस ते पस्तीस मिनिटे द्यायची असतात आणि तेवढा वेळ मांस पातेल्यात राहिले तर त्याचा चोथा होतो.

गावरान कोंबडी असल्यास हे गणित बदलते. तिचे मांस चिवट असते आणि उघड्या पातेल्यात ते सव्वा ते दीड तास घेते, म्हणून मांस काढून घेण्याची वेळ घड्याळावरून न ठरवता सुरी टोचून ठरवावी. गॅस वाचवण्यासाठी कुकर वापरायचा असेल तर तो फक्त या टप्प्यापुरता वापरावा. ब्रॉयलरचे मांस काढून घेतल्यावर उरलेल्या हाडांना मंद आचेवर तीन शिट्या पुरतात, तर गावरानला मांसासकट सहा-सात शिट्या लागतात.

तपासणी : रस गाळून मोजावा. तो दीड ते पावणेदोन लिटर असला पाहिजे. कमी असल्यास गरम पाण्याने भर घालावी आणि जास्त असल्यास झाकण काढून आटवावा. गाळणीतल्या हाडांना चिकटलेले मांस चिमटून काढण्यास विसरू नये, कारण पाठ आणि मानेतून मूठभर मांस सहज मिळते. खडे मसाले, देठे व मिरच्या टाकून द्याव्यात.

टप्पा ५ : आधण आणि तांदूळ वैरणे

गाळलेल्या रसापैकी सव्वा लिटर पातेल्यात घेऊन त्याला चांगली उकळी आणावी. उरलेला रस शेजारच्या शेगडीवर गरम राहू द्यावा. तो पुढे लागणार आहे. सगळा रस एकदम घालून टाकणाऱ्यांच्या हाती नंतर पातळपणा कमी करण्याचा कोणताही उपाय उरत नाही.

आधणाला उकळी आली की एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने कणी थोडी थोडी वैरावी. एकदम ओतल्यास गाठी होतात आणि ओली कणी बुडाला जाऊन बसते. तांदूळ आधी तुपावर परतून घेऊ नये. पुलावाची ती रीत दाणा सुटा ठेवण्यासाठी असते आणि आपल्याला दाणा विरघळू द्यायचा आहे.

झाकण तिरके ठेवून मंद आचेवर शिजू द्यावे. पहिली दहा मिनिटे तीन-चार वेळा ढवळणे पुरेसे असते. त्यानंतर मात्र रस दाट होऊ लागतो आणि बुडाला लागण्याचा धोका वाढतो, म्हणून दर मिनिट-दोन मिनिटांनी पळी बुडापर्यंत नेऊन ढवळावे. कणी अठरा ते वीस मिनिटांत आणि भिजवलेला अख्खा इंद्रायणी पंचवीस ते तीस मिनिटांत होतो. नवा तांदूळ कमी रस पितो, वर्षभर जुना तांदूळ जास्त पितो. एकाच मापाने दोन घरांत दोन वेगळे भात होतात ते यामुळेच, आणि राखून ठेवलेला रस त्यासाठीच असतो.

माणसे वाढली आणि चिकन तेवढेच राहिले तर या टप्प्यावर बटाट्याच्या किंवा दुधीच्या मोठ्या फोडी तांदळाबरोबरच घालाव्यात. मूठभर मुगाची डाळ घालूनही पोट भरते, पण मग ती खिचडी होते. मला स्वतःला बटाटा बरा वाटतो, कारण तो रस पितो आणि चव बदलत नाही.

सावधान : करपल्याचा वास आला तर ढवळू नये. आच बंद करून वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढावा आणि बुडाला चिकटलेला थर तसाच सोडून द्यावा. एकदा ढवळला की करपट चव सगळ्या भातात उतरते.

हा टप्पा कुकरमध्ये करायचाच झाला तर कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. तांदळाचा फेस वर येऊन शिटीचे छिद्र अडकू शकते.

टप्पा ६ : मांस, मीठ आणि पातळपणा

एक शीत दोन बोटांत दाबून पाहावे. ते पूर्ण चेपले गेले आणि मध्ये कण लागला नाही, तर भात शिजला असे समजावे. आता सोडवलेले मांस आणि त्यावरचा रस पातेल्यात घालून एक उकळी येऊ द्यावी. मांस आधीच शिजलेले आहे, त्याला आणखी शिजवत बसण्याची गरज नाही.

मिठाची शेवटची चव येथे पाहावी, आधी नाही. रस आटताना खारटपणा वाढतो आणि तांदूळ शिजताना तो कमी लागतो. त्यामुळे मधल्या कोणत्याही टप्प्यावर घेतलेली चव फसवी असते. एक चमचा मीठ आधी चिकनला लावलेले आहे. आता आणखी एक चमचा घालून ढवळावे, दोन मिनिटे थांबावे, मग चव घेऊन उरलेले घालावे. भात खारट झालाच तर राखलेल्या रसाऐवजी साधे गरम पाणी घालून सैल करावा.

पातळपणा ठरवताना भात हवा त्यापेक्षा सैल ठेवावा. पळीने उचलून ओतल्यावर त्याची धार तुटत तुटत पडली पाहिजे. आच बंद केल्यानंतरही कणी रस पीत राहते आणि पंधरा मिनिटांत भात घट्ट होतो. पातेल्यात अगदी मनासारखा दिसलेला भात म्हणूनच ताटात गोळा होऊन पडतो. राखलेला रस गरम असतानाच घालून तो सैल करावा.

चमचाभर तूप व बारीक चिरलेली कोथिंबिरीची पाने घालून, झाकण ठेवून पाच मिनिटे थांबावे. लिंबू ताटात पिळावे, पातेल्यात नाही. उकळत्या रसात लिंबू कडवट होते आणि उरलेला भात दुसऱ्या वेळी गरम केल्यावर ती चव आणखी बिघडते. पांढऱ्या रस्स्याच्या आठवणीने काही जण येथे नारळाचे दूध घालतात. रसाला दाटपणा तांदळानेच आलेला असतो, त्यामुळे त्याची गरज नाही, आणि जोरात उकळल्यास ते फाटते. ज्यांना तिखटावाचून जेवण जात नाही त्यांना मिरचीचा ठेचा ताटात वेगळा द्यावा. लहान मुले आणि आजारी माणसे त्याच पातेल्यातले खाऊ शकतात, हा त्यातला फायदा आहे.

टप्पा ७ : उरलेला भात

उरलेला भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवण्याची सवय येथे धोक्याची आहे. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात ते वाढून विष तयार करतात. नंतर उकळून ते विष खात्रीने नाहीसे होत नाही. म्हणून जेवण झाल्यावर भात उथळ डब्यांत पसरून निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. खोल पातेले तसेच फ्रीजमध्ये ठेवल्यास मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो.

दुसऱ्या दिवशी तो दह्यासारखा थिजलेला दिसेल. रसात उतरलेल्या हाडांच्या अंशामुळे तसे होते, आणि बरीच वेळ दिल्याची ती खूण आहे. लागेल तेवढाच भात वेगळ्या भांड्यात घेऊन, अर्धी वाटी पाणी घालून, सतत ढवळत सर्वत्र वाफ येईपर्यंत उकळावा. एकदा गरम केलेला भात पुन्हा ठेवून पुन्हा गरम करू नये.